वासोट्याला वाघ दिसतो का?

दर डिसेंबरात कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावरून परत आले, की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणीतरी जिन्यातच गाठतं. “काय, वाघ दिसला का?” यंदा खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर माझी सॅकही खाली ठेवू दिली नाही. तर काका, तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

नाही दिसला. नऊ खेपांत एकदाही नाही. गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड, कोयना अभयारण्य आणि शेजारचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, तरीही नाही. वाघ इथे मुळातच कमी. दक्षिणेकडून डोंगररांगेनं एखादा वर सरकतो आणि चांदोलीच्या बाजूला कॅमेऱ्यात सापडतो. ताडोब्यासारखं जिप्सीत बसून फिरणं इथे नाही. बामणोली गावातून बोटीनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, पलीकडे वनखात्याच्या चौकीवर प्लास्टिक मोजून दाखवायचं, गड पायी चढायचा आणि उजेड असेपर्यंत परत बोटीत. मुक्कामाला परवानगी नाही, आणि नाही हेच बरं.

मग दिसतं काय? दिसण्यापेक्षा कळतं जास्त. पहिल्या दोन खेपांना मी नुसती झाडं बघून आले. तिसऱ्या खेपेला सोबतच्या वाटाड्यानं वाटेवरची विष्ठा काडीनं उकलून दाखवली. आत सांबराचे राठ केस आणि हाडाचे तुकडे. रानकुत्र्यांची, म्हणजे कोळसुंद्यांची. त्यानंतर मात्र सगळी वाट बोलायला लागली. वारूळ मुळापर्यंत उकरलेलं असलं तर अस्वल. गाईसारखंच पण भलं मोठं शेण पडलेलं असलं तर गवा. कुत्रं भुंकावं तसा आवाज दरीतून आला तर ते कुत्रं नव्हे, भेकर नावाचं छोटं हरीण. आणि डोक्यावर पानांचा सडा पडायला लागला तर शेकरू. ते तेवढं हमखास दिसतं, राज्यप्राणी असल्याचा काहीही आव न आणता. गवे एकदाच बघितले, बोटीतून, सकाळच्या धुक्यात काठाशी पाच. काळे राक्षसच, पण गुडघ्याखाली पांढरे मोजे. बोटीत एकही जण बोलला नाही, आणि आमच्या ग्रुपला हे साधणं म्हणजे मोठीच गोष्ट.

पण मी परत परत जाते ती निराळ्याच गोष्टीसाठी. गडाची वाट सुरू होते तिथे आधी गाव होतं, मेट इंदवली. आजही झाडीत मारुतीची मूर्ती उघड्यावर उभी आहे. थोडं आत गेलं की आंबा-फणसाची झाडं भेटतात. रानात आपोआप उगवावीत तशी नव्हेत, अंगणात लावावीत तशी. पावसाळ्यात बातम्यांत कोयनेचा १०५ टीएमसीचा आकडा आपण मॅचच्या स्कोअरसारखा ऐकतो ना, तो याच पाण्याचा. धरण १९६४ सालचं. खोऱ्यातली गावं उठली, माणसं पार रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. हेच पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जातं आणि त्यावर वीज होते. अभयारण्य झालं १९८५ मध्ये. म्हणजे आपण ज्याला घनदाट, निर्मनुष्य वगैरे म्हणतो, त्यातलं थोडं तरी रान कोणाच्या तरी परसात वाढलेलं आहे. फणस पिकले की खायला अस्वलं येत असणार.

यंदा परतताना तुमचा प्रश्न मी बोटवाल्या दादांना विचारला. वाघ बघितलाय का कधी?

“म्या न्हाय. आमच्या आजीनं बघितलेला की. म्हशीवर पडलेला,” त्यांनी सुकाणू न सोडता हनुवटीनं पाण्याच्या मधोमध दाखवलं. “तवा गाव हुतं न्हवं इथं.”