ब्लू बॅज नाकारला, मग परत मागितला

मागच्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. इंग्लंडमध्ये राहून एवढी वर्षं झाली पण ब्लू बॅज म्हणजे काय हे तोपर्यंत नीट माहीत नव्हतं, चालायला त्रास असलेल्यांना पार्किंगसाठी मिळणारं निळं कार्ड गाडीच्या काचेमागे ठेवतात आणि दुकानाच्या दाराजवळची रुंद जागा मिळते एवढंच. अर्ज कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भागाच्या पालिकेकडे करायचा, ऑनलाइन. वय ६९, त्यामुळे पिप नावाचा जो अपंगत्वाचा भत्ता आहे तो मला आता नव्याने मागताच येत नाही, आणि तो चालण्याफिरण्यासाठी पुरेशा पॉइंट्सवर मिळत असला तर बॅज आपोआप मिळतो. बाकीच्यांनी फॉर्म भरा, पुरावे जोडा, बोलावलं तर चालून दाखवा.

मी फॉर्म भरला आणि काय भरला! दोन पॅराग्राफ फक्त गाडीच्या दारावर. पाय सरळ ठेवून उतरावं लागतं, शेजारी गाडी चिकटून उभी असली की दार उघडत नाही, वगैरे वगैरे. सगळं खरं, पण त्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही, त्यांना हवं असतं की तुम्ही चालता किती आणि कसं.

मग फिजिओकडे तपासणीला बोलावलं. मी आपली चांगली साडी नेसून, को-कोडामॉलची दुखण्यावरची गोळी घेऊन, काठी गाडीतच ठेवून गेले, कोणाकडे जायचं तर नीट जायला नको का? तिने विचारलं कसं चाललंय, मी म्हटलं "नॉट टू बॅड, मॅनेजिंग." आपल्याला सवयच असते ना, कोणी विचारलं की बरं आहे म्हणायची. कॉरिडॉरमध्ये दात ओठ खाऊन चालून दाखवलं वर हसलेसुद्धा.

तीन आठवड्यांनी नकार. कारण लिहिलं होतं की गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सुधारणा अपेक्षित आहे, त्रास कायमचा नाही. मला रागच आला. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली आमच्या इकडे तात्पुरत्या त्रासालाही मिळतो, निदान वर्षभर तरी राहणार असेल तर. इंग्लंडमध्ये तसं नाही, इथे त्रास निदान ३ वर्षं टिकणारा लागतो. म्हणजे कौन्सिलचं उजव्या गुडघ्याबद्दल काही चुकलं नव्हतं हो. पण माझा डावा खुब्याचा सांधाही झिजलेला आहे, त्याच्या ऑपरेशनच्या यादीत नुसतं नाव आहे, पाठीच्या मणक्याचं वेगळंच, आणि यातलं मी फॉर्मवर एका ओळीत उरकलं होतं!

लेकाने फॉर्मची कॉपी वाचली आणि म्हणाला, "आई, तू खोटं लिहिलंयस." मी भडकले. तो म्हणाला उलट्या बाजूचं खोटं, तू घरात काय करतेस ते यात कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आला. आमच्या गेटपासून तिसरा लॅम्पपोस्ट ६० मीटर. मला चालायला लावलं, गोळीशिवाय, काठी घेऊन, फोनवर वेळ लावून. दोनदा थांबले, एकदा शेजाऱ्यांच्या भिंतीला धरून. २ मिनिटं ४० सेकंद. सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये मिनिटाला ४० मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे फारच हळू असं धरतात, आणि माझा पंचवीससुद्धा भरत नव्हता. बघून मलाच वाईट वाटलं, इतकी हळू चालते मी?

कायद्याने अपील असं नाहीये, पण फेरविचार मागता येतो आणि नकाराची कारणं त्यांना द्यावीच लागतात. ती कारणं समोर ठेवून एकेकाला उत्तर लिहिलं. गुडघ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, खुबा आणि मणका, सर्जनचं पत्र, एक्स-रेचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि ते मीटर-मिनिटं. गाडीच्या दाराचं सगळं काढून टाकलं. त्यातूनही नाही म्हणाले असते तर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्यांकडे, तक्रार करता येते, पण ते निर्णय नीट पद्धतीने घेतला का एवढंच बघतात, बॅज देत नाहीत.

दुसऱ्यांदा वेगळी फिजिओ होती. या वेळी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, दुखतं. हे तोंडातून बाहेर काढणं चालण्यापेक्षा अवघड गेलं, खोटं नाही सांगत.

बॅज आला, ३ वर्षांचा, फोटो भयंकर. सोबत निळं घड्याळ, रस्त्याकडेच्या नो-पार्किंगच्या पिवळ्या रेघेवर ३ तास थांबता येतं म्हणून आल्याची वेळ लावायची. आमचे हे लगेच गाडी घेऊन कोथिंबीर आणायला एकटे निघाले, म्हणे आता दारात लावता येईल. मी बॅज काढून पर्समध्ये ठेवला. तो माझा आहे, गाडीचा नाही, आणि गैरवापराला १००० पौंडांपर्यंत दंड आहे. मग त्यांनी गाडी लांब लावली, चालत गेले, कोथिंबीर विसरून पुदिना आणला.