स्टिकर मिळेपर्यंतची कथा

कर्करोगामुळं एक स्तन काढावा लागला आणि तिथं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. ऑपरेशन, ड्रेन, ड्रेसिंग सगळं नीट पार पडलं. बेळगावातल्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमबद्दल.

तपासणीला कोल्हापूरला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "गुळगुळीत की खरबरीत? कंपनी कुठली? सिरियल नंबर?" 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं बायोसेल पृष्ठभागाची खरबरीत इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली होती. त्यांच्याभोवतीच्या आवरणात लिम्फोमा हा एक दुर्मीळ कर्करोग होण्याचा धोका जास्त दिसला होता. त्रास नसेल तर काढायची गरज नाही, असं बाई म्हणाल्या. पण आत काय बसवलंय ते कळायला तरी हवं की! डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'इम्प्लांट'. मोबाइल घेतला तरी बिलावर आयएमईआय नंबर येतो.

रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर पहिलं वाक्य, अर्ज कन्नडात हवा. शेजारच्या पोराकडून लिहून घेतला. मग डॉक्टरांची सही आणा. सही आणली तर क्लार्क जेवायला गेलेला. मग 'नाळे बन्नी', म्हणजे उद्या या. पुढच्या खेपेला फाइल गोडाऊनला, त्याच्या पुढच्या खेपेला गोडाऊनची किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर. असं करता करता एक दिवस थंडपणे सांगितलं, "तीन वर्षं झाली की आम्ही फाइल ठेवत नाही."

इथं माझं डोकं फिरलं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत रेकॉर्ड 3 वर्षं ठेवा असं आहे, तसंच मागितल्यावर 72 तासांत द्या असंही आहे. पहिलं यांना तोंडपाठ, दुसरं कुणी वाचलेलंच नाही! पहिल्या अर्जाची पोच मी शिक्क्यासकट घेतली होती. ती पुढं सरकवली. तारीख मुदतीच्या आतली होती. किल्लीवाला लगेच सापडला.

फाइल आली, तर तिच्यात इम्प्लांटची कंपनी आणि सिरियल नंबर असलेला स्टिकर नाही. तिथंच उभ्या असलेल्या एका सिस्टर हळूच म्हणाल्या, "अक्का, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर बघायला सांगा की." त्यात होता चिकटवलेला. गुळगुळीत, आणि कंपनीही वेगळी. मी फोटो काढला, झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला, मगच खिडकी सोडली.

ऑपरेशन व्हायचं असेल तर डिस्चार्जच्या आधीच स्टिकर आणि इम्प्लांटची माहिती असलेलं पेशंट कार्ड मागा. खोकंही बघा. परदेशी इम्प्लांटवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक लागतोच, 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम तसे आहेत. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटवर युरोपचा सीई हा मान्यतेचा शिक्का होता, आणि आत औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं 2010 मध्ये उघडकीला आलं.

हो, एमआरआय किंवा सोनोग्राफीचं राहिलंच. त्रास नसला तरी 5-6 वर्षांनी पहिली आणि मग दर 2-3 वर्षांनी, असं अमेरिकेची औषध-उपकरणांवर देखरेख करणारी संस्था एफडीए सांगते. मध्येच सूज आली, गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवाच. शिवाय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं, मटेरिओव्हिजिलन्स म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळं होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमात, रुग्णालाही असा त्रास कळवता येतो. तो फॉर्मही लॉट आणि सिरियल नंबर विचारतो.