लक्झेंबर्गचा भाव वधारला

युरोपियन युनियनला जन्म देणारा १९९२ चा तह ज्या गावात झाला त्या नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टमध्येच आज वर्गात युनियनच्या मंत्रिपरिषदेचं (सदस्य देशांचे मंत्री प्रस्तावांवर मतं देतात ती) नाटक बसवलं. सदस्य देश २७; दोन बॅचेस एकत्र केल्या तेव्हा कुठे तेवढी डोकी भरली.

जर्मनी, फ्रान्स, इटली झालेली तिघं पहिल्या बाकावर निवांत. प्रस्ताव अडवायला युनियनची ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या लागते; यांच्याकडे ४५ च्या वर. मग काय, मिशीला पीळ!

पण मतदानाचे नियम ठरवणाऱ्या लिस्बन तहाने पाचर मारून ठेवलीय: अडवणारे देश किमान ४ हवेत. हे सांगितल्यावर तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मागे खिडकीशी, वहीच्या पुठ्ठ्यावर चिमुकल्या देशाचं नाव ‘लक्झेंबर्ग’ लिहून एक मुलगी मोबाइल चाळत बसलेली. तिच्याभोवती ही गर्दी! एकाने चक्क स्ट्रूपवाफल (पाक भरलेलं इथलं गोड बिस्किट) पुढे केलं. अविश्वास ठरावाआधी सहलीला नेलेले आमच्याकडचे ग्रामपंचायत सदस्यच आठवले मला. (तौलनिक राजकारण शिकवतो, तुलना होणारच.)

लक्झेंबर्गबाईंनी वाफल खाल्लं, बोटं पुसली आणि मत दिलं प्रस्तावाच्या बाजूने.

तास संपला तरी इटली दारात सायप्रसला गाठून बोलतच होता.