पाऊल आधी, बॅट मागून

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मैदानाचं ऋण मैदानावरच फेडावं, म्हणून बेसबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी पावलाबद्दल लिहितो. (उदाहरणं उजव्या हाताने खेळणाऱ्याची, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

कोल्हापुरातल्या पोराचा पाय क्रिकेटवर घडलेला. चेंडूच्या टप्प्याजवळ पुढचं पाऊल न्यायचं, हे अंगात भिनलेलं. बेसबॉलचा चेंडू टप्पा न घेता येतो, आणि तिथं हीच सवय नडते. डावं पाऊल फूटभर पुढं पडलं की डोकं खाली जातं, नजरेची पातळी हलते आणि बॅट चेंडू सोडून भलतीकडून फिरते. चार ते सहा इंच पुरेत, अर्धी-पाऊण वीत.

पवित्रा तालमीतला चालेल: पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, पाय उचलला की वजन उजव्या पायाच्या आतल्या कडेवर घ्यायचं. बाहेरच्या कडेवर गेलं तर गुडघा मागं कलंडतो, आणि तिथून परत यायला वेळ नसतो. पिचर 18.44 मीटरवर, ताशी 145 किलोमीटरचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीवर. म्हणून पाऊल आधी टेकायचं, बॅट मागून.

टेकताना चवड्याची आतली बाजू आधी, टाच अधांतरी. टाच दाबली की कंबर फिरू लागते. चवडा साधारण 45 अंशांत. तो थेट पिचरकडे उघडला तर कंबर लवकर सुटते आणि प्लेटच्या बाहेरच्या कडेचा चेंडू हुकतो. अगदी बंद राहिला तर कंबरच अडते.

पाय किती उचलायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. जपानच्या सादाहारू ओ यांनी गुडघा उंच घेऊन 868 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. जपानच्याच शोहेई ओतानीनं 2018 मध्ये अमेरिकेत आल्यावर पाय उचलणं जवळपास सोडूनच दिलं. शाळेच्या वयात कमीच उचला.

चूक शोधायला कॅमेरा लागत नाही. मातीवर पाणी मारा, उजव्या चवड्यापासून पिचरकडे फक्कीची रेघ ओढा, दहा वेळा बॅट फिरवा आणि ठसे बघा. पिचरकडे तोंड करून बघताना डावा ठसा रेघेच्या डावीकडे गेला, तर चेंडूला भिऊन पाय पळतोय. डाव्या टाचेचा खड्डा खोल आणि चवड्याचा पुसट, तर पाऊल आपटतंय. उजव्या पायाखाली गोल खळगा पडला, तर वजन मागंच अडकून पाय जागेवर घुसळतोय. तिथं चवड्याची पुढं सरकलेली छोटी ओढ दिसायला हवी, बोटभर.