उबुंटूची सेटिंग्ज टर्मिनलवरून, आणि सुडोचा घोळ

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की लाइट जायला निमित्तच लागत नाही. क्लासमधली वीस मशीन इन्व्हर्टरवर असतील तर रिकाम्या स्क्रीन जळत ठेवणं परवडत नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये स्क्रीन मुळात ३०० सेकंदांनी बंद होते. ती १२० वर आणायची तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, लिहा: 'जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.सेशन आयडल-डिले १२०'. (इथे नुसता उच्चार लिहिलाय, टाइप रोमन लिपीत, आकडेही इंग्रजी.) शून्य दिलंत तर स्क्रीन कधीच बंद होणार नाही. 'सेट'ऐवजी 'गेट' टाकून जुना आकडा आधी बघून घ्या. बिघडलंच तर 'रीसेट' आहे.

कीचं, म्हणजे 'आयडल-डिले'सारख्या सेटिंगचं, नाव पाठ करत बसू नका. ही सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या साठ्यात असतात. टर्मिनलमध्ये 'डीकॉन्फ वॉच /' चालू ठेवा आणि सेटिंग्जच्या खिडकीत माउसने तोच बदल करा. कीचा पूर्ण मार्ग समोर छापून येतो. त्यात तिरप्या रेघा असतात, जीसेटिंग्जला बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी टिंबं लागतात.

आता सुडो, म्हणजे आज्ञा रूटच्या (मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिन यूजरच्या) अधिकाराने चालवणारा शब्द. सवयीने आज्ञेपुढे सुडो लावला, की स्क्रीनवर काहीच बदलत नाही. ही सेटिंग्ज प्रत्येक यूजरची वेगळी, त्याच्या होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/डीकॉन्फ/यूजर' या फाइलमध्ये असतात. सुडोने तुम्ही रूटची सेटिंग्ज बदलू पाहता. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) आज्ञा चालत नाही त्याचं कारण वेगळं: तिथे डी-बसचा, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या वाटेचा, पत्ता नसतो, तो स्वतः द्यावा लागतो.

मराठी कीबोर्ड जोडताना जास्त जपा. 'इनपुट-सोर्सेस'मधली 'सोर्सेस' ही यादी आहे, आणि 'सेट' यादीत भर घालत नाही, अख्खी यादी बदलतो. नुसती मराठी लिहिलीत तर इंग्रजी गेली. मग टर्मिनलमध्ये दुरुस्तीची आज्ञाही देवनागरीतच उमटेल! अशा वेळी माउसनेच सेटिंग्ज गाठा.

पोरांनी बदल उलटवू नयेत असं वाटत असेल तर '/ईटीसी/डीकॉन्फ/प्रोफाइल/यूजर' फाइलमध्ये दोन ओळी लिहा: 'यूजर-डीबी:यूजर' आणि त्याखाली 'सिस्टम-डीबी:लोकल'. मग '/ईटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी' या फोल्डरात एक फाइल करा. तिच्यात चौकटी कंसात 'ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/सेशन', खालच्या ओळीत 'आयडल-डिले=युइंट३२ १२०'. 'युइंट३२' हा आकड्याचा प्रकार. वरच्या आज्ञेत तो लिहावा लागला नव्हता, इथे तो हवाच. नाहीतर किंमत लागू होत नाही आणि जुने ३०० सेकंद तसेच राहतात. त्याच फोल्डरातल्या 'लॉक्स'मध्ये आणखी एक फाइल ठेवून कीचा पूर्ण मार्ग लिहा, सुरुवातीच्या तिरप्या रेघेसकट. शेवटी 'सुडो डीकॉन्फ अपडेट' (इथे मात्र सुडो लागतोच) आणि लॉगआउट. परत लॉगिन केल्यावर 'जीसेटिंग्ज रायटेबल'ने ती की तपासा. 'फॉल्स' आलं तर कुलूप बसलंय.