व्हिडिओ कॉलवर हाताची थेरपी होते का? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही हात न लावता नुसतं मोबाईलवर बघून पार्किन्सन्सच्या पेशंटच्या हाताला काय फरक पाडणार?" हा प्रश्न मला सतत येतो, कधी पेशंटच्या मुलाकडून, कधी सुनेकडून, परवा तर एका डॉक्टरांनीच विचारला. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, कपडे, लिहिणं अशी रोजची कामं पेशंटना स्वतःची स्वतः जमावीत यासाठी काम करते, पुण्यात असते, आणि माझे बरेचसे पेशंट सातारा, सांगली, रत्नागिरीकडचे, व्हिडिओ कॉलवरचे. तर एकदाच नीट लिहून ठेवते.

फरक पडतो. सगळ्यांना सारखा नाही पडत, सगळ्याच गोष्टींत नाही पडत, पण हाताची काही कामं क्लिनिकपेक्षा घरीच चांगली सुधारतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पार्किन्सन्समध्ये, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या या मेंदूच्या आजारात, हाताचं नक्की काय बिघडतं ते बघा. लोकांना थरथर दिसते, पण शर्टाचं बटण अडतं ते बहुतेक वेळा थरथरीमुळे नाही. हात मांडीवर निवांत पडलेला असतो तेव्हाची ती थरथर, काम करायला घेतलं की बऱ्याच जणांची कमी होते. खरी अडचण म्हणजे हालचाल हळू होते आणि बारीक बारीक होत जाते. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टपटप आपटायला सांगा, पहिले चार-पाच ठोके ठीक पडतात, मग बोटं पुरती उघडतच नाहीत, आणि पेशंटला मात्र मनापासून वाटत असतं की मी पूर्ण उघडतोय. मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी झालं की जी कामं आपण लक्ष न देता उरकतो, बटण, चावी, सही, ती आपोआप होईनाशी होतात. पण तेच काम मुद्दाम लक्ष देऊन, मनात 'मोठं' म्हणून केलं की तोच हात ते करून दाखवतो. सगळी थेरपी यावरच उभी आहे.

म्हणूनच पार्किन्सन्स म्हटलं की हातात तो मऊ बॉल देऊन "दाबत बसा" सांगतात ना, ते मला पटत नाही. ताकद थोडी कमी होते हे खरं, पण मूळ दुखणं ते नाही. मूठ आवळायला त्रास नसतो, बोटं सुटी करून पूर्ण उघडायला त्रास असतो, आणि बॉल दाबून ते कसं येणार? स्वित्झर्लंडमध्ये होमडेक्स्ट नावाची एक ट्रायल झाली होती, २०१७ साली छापून आली, १०३ पेशंट होते, चार आठवडे घरच्या घरी कार्यक्रम. एका गटाने बोटांच्या बारीक कामांचा सराव केला, दुसऱ्याने रबरी पट्टे ओढायचे ताकदीचे व्यायाम. बारीक कामांचा सराव केलेल्यांचे हात जास्त सुधारले. घरी बसून, आणि नेमकं ज्या कामाला हात अडतो त्याचाच सराव करून फायदा होतो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आता घर का म्हणते ते सांगते. डोपामिनची ही कमतरता भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी, बऱ्याच घरांत तिला ब्रँडच्या नावाने नुसतं सिंडोपाच म्हणतात, तिचा असर चढतो आणि उतरतो. चढलेला असताना हात मोकळा, उतरला की लाकडासारखा. गावाकडनं सकाळी निघून एसटीने पुण्यात पोचेपर्यंत कितीतरी जणांचा तो मोकळा वेळ रस्त्यातच संपतो आणि माझ्यासमोर येतो तो थकलेला, आखडलेला माणूस, त्याला मी काय शिकवणार? कॉलवर मी वेळच अशी ठरवते की गोळी लागू झालेली असेल, कधी मुद्दाम उलटी वेळही घेते, कारण उतरलेल्या हाताने निदान चष्मा आणि पाण्याचा ग्लास तरी जमायला हवा.

आणि घरात जे दिसतं ते क्लिनिकमध्ये दिसूच शकत नाही. कोकणातल्या एक आजी आहेत. सुनेची तक्रार अशी की हात थरथरतो म्हणून घास सांडतो. मी म्हटलं मोबाईल ताटाच्या बाजूला तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवा आणि जेवू द्या त्यांना. बघते तर थरथर जवळजवळ नाहीच. आजी भात कालवताना बोटं मिटलेलीच ठेवत होत्या, दोन बोटांच्या टोकांनी भात उचलत होत्या, त्यामुळे घास बोटांवर बसतच नव्हता, आणि अंगठा घास पुढे ढकलायला यायच्या आत हात तोंडाकडे निघालेला. शिवाय समोर सिरियल चालू, नातवाशी बोलणं चालू. दोन कामं एकदम आली की पार्किन्सन्सचा हात मागे पडतोच. मग टीव्ही बंद केला, सपाट ताटाच्या जागी उभ्या काठाची थाळी घेतली, खाली ओला नॅपकिन म्हणजे थाळी सरकत नाही, आणि प्रत्येक घासाआधी पाचही बोटं एकदा पूर्ण पसरायची, मग कालवायचं, मग उचलायचं. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेण्याबद्दल त्यांच्या न्यूरोलॉजिस्टना विचारून घेतलं, डाळ-दूध-मासे असं प्रोटीन पोटात असलं तर काही जणांना गोळी नीट लागत नाही. काही आठवड्यांत आजी आपल्या हाताने जेवायला लागल्या. आमटी अजून जरा घट्टच करावी लागते, पण चमचा नको म्हणतात आणि मला त्याचा फार आनंद आहे, कारण आपल्याकडे आपल्या हाताने जेवणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

सहीचंही तसंच. अक्षर बारीक होत जातं, ओळ संपेपर्यंत तर मुंगीएवढं, मग बँकेत सही जुळत नाही म्हणून स्लिप परत. यावर दुरेघी वही हा फार साधा आणि चांगला उपाय आहे, दोन्ही रेघांना अक्षर टेकवायचं, प्रत्येक शब्दानंतर थांबायचं, पेन जरा जाड घ्यायचं. डोळ्यांसमोर रेघ असली की हात आपलं माप पाळतो. कॅमेरा वरून वहीवर लावला की मला पेनाची पकड, खांदा, कागदाचा तिरकेपणा सगळं दिसतं.

पण एक गोष्ट कॉलवर जमत नाही, ताल देऊन हालचाल करवून घेणं. मी इकडून टाळ्या वाजवल्या की तिकडे त्या उशिरा आणि तुटक पोचतात, कधी ॲप त्यांना गोंगाट समजून गाळूनच टाकतं. म्हणून मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टकटक देणारं ॲप, पेशंटच्याच घरी वाजला पाहिजे, दुसऱ्या फोनवर, किंवा त्यांनी स्वतः मोठ्याने मोजायचं, पार्किन्सन्समध्ये बारीक होणाऱ्या आवाजालाही तेवढाच सराव.

बाकी मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. सांधा किती ताठ आहे ते हात धरून हलवल्याशिवाय कळत नाही. मोबाईलची रेंज कमी असेल तर थरथरीबद्दल मी व्हिडिओवरून काहीच मत देत नाही. खांदा दुखत असेल तर आधी प्रत्यक्ष दाखवा, पार्किन्सन्समध्ये खांदा आखडणं खूप कॉमन आहे, कधीकधी तर तेच पहिलं लक्षण असतं आणि लोक वर्षभर फ्रोझन शोल्डर म्हणून शेकत बसतात. तोल जात असेल, भास होत असतील, तर घरात माणूस असल्याशिवाय मी कॉल सुरू करत नाही, आणि हाताचं सगळं काम बसूनच. एलएसव्हीटी बिगसारखे ठरीव कार्यक्रमही असतात, आठवड्यात चार दिवस, चार आठवडे, एकेक तासाची सेशन्स, मोठ्या हालचालींवर भर. ते त्याचं सर्टिफिकेट असलेल्यांकडूनच घ्या, यूट्यूबवर बघून नको.

घरच्यांना मात्र एक हात जोडून विनंती. काका बटणाशी झगडत असतात आणि काकू मागून "अहो द्या इकडे, उशीर होतोय" म्हणून स्वतः लावून मोकळ्या होतात. प्रेमानेच करतात, मला कळतं. पण घाई केली की हालचाल आणखी आखडते, आणि दुसऱ्याने लावलेलं बटण हा त्या दिवसाचा बुडालेला सराव. दहा मिनिटं आधी उठवा. खालच्या बटणापासून सुरू करू दे, ते डोळ्यांना दिसतं. कॉलरचं शेवटी, आणि ते तुम्ही लावलंत तरी चालेल.

पहिल्या कॉलच्या आधी गोळ्यांच्या वेळा आणि हात कधी मोकळा, कधी बंद, हे दोन-तीन दिवस कागदावर लिहून ठेवा. एक वाटी राजमा किंवा नाणी, रिकामी वाटी, दुरेघी वही, रोजचा बटणांचा शर्ट आणि कुलूप-किल्ली जवळ ठेवा. खिडकी पेशंटच्या समोर, पाठीमागे नको. आणि कोणती तीन कामं स्वतःची स्वतः करायची आहेत ते पेशंटनाच सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. आवाज बारीक येईल, वेळ लागेल, मी थांबते.