दोन मुक्कामांचा शिधा, वाण्याच्या दुकानातून

ट्रेकसाठी मिळणाऱ्या एका तयार पाकिटाच्या पैशात चौघांची खिचडी होते. त्यामुळे पुण्याहून हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी दोन मुक्काम करायचे असले की आम्ही सगळा शिधा वाण्याकडूनच भरतो. चौघांसाठी मार्केट यार्डचा घाऊक बाजार गाठण्यात अर्थ नाही. दहा-बारा जण असतील तरच भुसार विभागातली खरेदी परवडते.

हिशोब माणशी दिवसाला अर्धा किलो कोरड्या जिनसांचा. त्यात रात्रीचे 100 ग्रॅम तांदूळ, 50 ग्रॅम मूगडाळ, सकाळचा 75 ग्रॅम रवा आणि वाटेत खायला 100 ग्रॅम शेंगदाणे-गूळ. बाकी सातूचं पीठ, चहा-साखर, दूध पावडर.

तूरडाळ घेऊच नका. उघड्या पातेल्यात ती एरवीही लवकर शिजत नाही, आणि गडाच्या 1424 मीटर उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं. गॅस संपतो, डाळ दाताखाली येते. मूग किंवा मसूर घ्यावी. तांदूळ कोलम बरा. इंद्रायणी चवीला छान, पण चिकट, पातळ बुडाच्या पातेल्यात हमखास लागतो.

खरं काम आदल्या दिवशीचं. डाळ-तांदूळ घरीच धुऊन, फडक्यावर पंख्याखाली रात्रभर वाळवून कोरडे भाजायचे. वर धुण्यात जाणारं पाणी वाचतं. 400 ग्रॅम तांदूळ आणि 200 ग्रॅम डाळीत मीठ, हळद, हिंग, जिरं, गोडा मसाला घालून एका जेवणाची एक पिशवी बांधायची. वर गेल्यावर सगळं अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात शिजवायचं. पाणी तीन लिटर लागतं, म्हणून पातेलं पाच लिटरचं न्या, नाहीतर दोनदा शिजवा.

उपम्याचा रवा घरीच फोडणीत भाजून नेतो. मिरची आणि कढीपत्ता तेलात अगदी कुरकुरीत झाले पाहिजेत. ओलसर राहिले तर दुसऱ्या दिवशी पिशवी उघडताच कुबट वास येतो. रवा पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, वाफ धरते. वर फक्त अडीचपट उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं.

पहिल्या दिवशी दुपारी दशम्या आणि लसणाची चटणी. दुधात भिजवलेल्या असल्याने दशम्या मऊ राहतात, पण पावसाळी दमटपणात दुसऱ्या दिवसावर ठेवू नयेत. त्या दुपारी सातूचं पीठ, गूळ, पाणी. चूल लागत नाही. कांदे, बटाटे, लिंबं टिकतात. टोमॅटोचा मात्र सॅकमध्ये लगदा होतो.

पावसाळ्यात गूळ पाझरतो, त्याला घट्ट झाकणाचा डबा हवा. मीठ दुहेरी पिशवीत. दुकानातली वेष्टणं घरीच काढून ठेवा, म्हणजे खाली आणायचा कचरा मूठभरच उरतो.